पुन्हा तपासलं तरी तोच आकडा: रक्ताचा रिपोर्ट फसवतो तेव्हा

अडचण साधारण अशी सुरू होते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ०.०१, जवळजवळ नाहीच. थायरॉइड स्वतः बनवतं त्यांतला फ्री टी-४ वरच्या मर्यादेच्या दुप्पट, फ्री टी-३ सुद्धा वाढलेला. कागदावरून पाहिलं तर थायरॉइड फार जोरात काम करतंय. पण समोर बसलेल्या बाईंची नाडी ७२, हात स्थिर, वजन वर्षभर तेच, झोप शांत. डॉक्टरांना शंका येते, ते म्हणतात, "पुन्हा एकदा तपासून घ्या." त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं जातं आणि तोच आकडा येतो. आता दोन कागद एकच सांगतात, म्हणून शंका मिटते आणि गोळ्या सुरू होतात.

चूक नेमकी इथे होते. मी प्रयोगशाळेच्या बाजूला बसते. हाच प्रसंग वेगवेगळ्या रूपांत माझ्या टेबलावर येत राहतो: कधी प्लेटलेट, कधी पोटॅशियम, कधी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणात वाढणारं संप्रेरक. दर वेळी पहिला प्रश्न असतो, "मशीन बिघडलंय का?" बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. सकाळचे कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, बरोबर आलेले असतात, त्या दिवशीचे बाकीचे रिपोर्टही बरोबर असतात. फक्त या एका माणसाच्या रक्तात, किंवा या एका नळीत, असं काहीतरी असतं जे तपासणीच्या रसायनालाच चकवतं. त्याच पद्धतीने दहा वेळा तपासलं तर दहाही वेळा तेच उत्तर येईल, आणि ते दहाही वेळा चुकीचं असेल.

मशीनला थायरॉइड दिसत नाही, हृदय दिसत नाही. नळीतल्या रक्तात रसायनं मिसळल्यावर जो प्रकाश, रंग किंवा विद्युतदाब तयार होतो तेवढाच ते मोजतं, आणि त्यावरून हिशेबाने आकडा काढतं. त्या प्रकाशात किंवा रंगात तिसऱ्याच कुणी ढवळाढवळ केली, तरी आकडा तितक्याच ठामपणे छापला जातो. लॅबच्या भाषेत याला इंटरफेरन्स म्हणतात.

रसायनाकडे वळण्याआधी

आधी माणूस बघा. पोटॅशियम ७.१ आलं असेल तर "खोटं असेल" म्हणून कागद बाजूला ठेवू नका, कारण एवढं पोटॅशियम खरं असेल तर हृदय थांबू शकतं. लगेच ईसीजी काढा आणि त्याच वेळी नवा नमुना पाठवा. ईसीजीत बदल असतील किंवा रुग्णाची मूत्रपिंडं कमजोर असतील, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. आकडा खोटा असण्याची शक्यता आहे म्हणून धोका पत्करायचा नसतो.

मग साध्या गोष्टी. नळी त्याच माणसाची आहे का? नावांची अदलाबदल हा काही इंटरफेरन्स नव्हे, पण परिणाम तसाच होतो, आणि नव्या नमुन्यावर आकडा एकदम वेगळा आला तर पहिला संशय हाच घ्यावा. सलाइन लावलेल्या हातातून रक्त घेतलं होतं का? ग्लुकोजचं सलाइन चालू असेल तर साखर आकाशाला भिडते आणि बाकी सगळं पातळ होतं. हे ओळखणं सोपं असतं, कारण हिमोग्लोबिन, प्रोटीन आणि कॅल्शियम एकाच वेळी खाली आलेले दिसतात.

एक गोष्ट लगेच करा: लॅबला फोन करून सांगा की तो नमुना टाकू नका. लॅब नमुना ठराविक काळच ठेवते. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्याच नमुन्यावर करता येतं, आणि तो गेला की पुरावाच जातो.

केसांच्या गोळ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट

वरच्या थायरॉइडच्या उदाहरणात विचारायचा प्रश्न एकच: "केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी काही घेता का?" "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर उत्तर "काही नाही" असंच येतं. या गोळ्यांना कोणी औषध समजत नाही आणि त्या बहुधा चिठ्ठीशिवाय घेतलेल्या असतात.

त्यांत बायोटिन असतं, म्हणजे बी-७ जीवनसत्त्व. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम सहज असतं, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पट. शरीराला त्याचा त्रास होत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. त्रास होतो तो तपासणीला.

कारण बऱ्याच संप्रेरक-तपासण्या बायोटिनवरच उभ्या असतात. बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन एकमेकांना इतकं घट्ट धरतात की निसर्गातल्या सर्वांत पक्क्या पकडींमध्ये तिची गणना होते. तपासणी बनवणाऱ्यांनी तिचा उपयोग केला: अँटिबॉडीला, म्हणजे ठराविक रेणू नेमका पकडणाऱ्या प्रथिनाला, बायोटिनची शेपटी लावायची, बारीक कणांवर स्ट्रेप्टॅव्हिडिनचा लेप द्यायचा, म्हणजे अँटिबॉडी कणाला चिकटते, कण चुंबकाने धरून ठेवता येतात आणि बाकीचं धुऊन टाकता येतं. अतिशय कल्पक रचना आहे. पण रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते कणांवरच्या जागा आधीच अडवून बसतं. अँटिबॉडीला जागा उरत नाही, ती धुतली जाते, आणि मशीनला प्रकाश कमी दिसतो.

आता खरी गंमत अशी की कमी प्रकाशाचा अर्थ सगळ्या तपासण्यांत एकच नसतो. टीएसएचसारखे मोठे रेणू सँडविच पद्धतीने मोजतात: खाली एक अँटिबॉडी, वर चमकणारी दुसरी, मध्ये टीएसएच. इथे प्रकाश कमी म्हणजे टीएसएच कमी. टी-४, टी-३ सारखे छोटे रेणू स्पर्धेच्या पद्धतीने मोजतात: रुग्णाचा टी-४ आणि लॅबचा चमकणारा टी-४ एकाच जागेसाठी भांडतात. इथे प्रकाश कमी म्हणजे रुग्णाचा टी-४ जिंकला, म्हणजे तो जास्त. एकाच बायोटिनमुळे टीएसएच खोटा खाली जातो आणि टी-४, टी-३ खोटे वर जातात. काही मशीनवर टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीही स्पर्धेच्या पद्धतीनेच मोजतात, म्हणून तीही खोटी वाढलेली येते. चारही आकडे मिळून ग्रेव्ह्ज आजाराचं, म्हणजे थायरॉइडला बेफाम चालवणाऱ्या आजाराचं, हुबेहूब चित्र तयार होतं. एखादाच आकडा विचित्र असता तर कोणीही थबकलं असतं. इथे चारही एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून डॉक्टर फसतात. यात त्यांना दोष देता येत नाही.

उपाय मात्र सोपा आहे. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान २ दिवस बायोटिन बंद ठेवून नवा नमुना द्यायचा. डोस फार मोठा असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर जास्त दिवस थांबायचं. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत बायोटिन देऊन पाहिलं गेलं आहे. अशा मात्रेला दोन दिवस पुरत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवा: बायोटिनिडेजची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना बायोटिन उपचार म्हणून दिलेलं असतं, ते तपासणीसाठी परस्पर थांबवायचं नाही. तिथे बायोटिनवर न बेतलेल्या मशीनवर तपासणी करून घ्यायची. असं मशीन उपलब्ध असेल तर इतरांसाठीही तोच झटपट मार्ग आहे. अनेक कंपन्यांनी आता आपली रसायनं बदलली आहेत, त्यामुळे तुमच्या लॅबची तपासणी किती बायोटिनपर्यंत टिकते हे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लॅबला ते विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

थायरॉइडमध्ये चुकीचे उपचार सुरू होतात, ते थांबवता तरी येतात. ट्रोपोनिनमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनात, उलट धोका असतो. तीही सँडविच तपासणी, म्हणून बायोटिनमुळे ती खोटी कमी येते, आणि छातीत दुखणाऱ्या माणसाला "हृदयविकार नाही" म्हणून घरी पाठवलं जाऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात बायोटिन जास्त प्रमाणात घेणाऱ्या एका रुग्णाचा, ट्रोपोनिन खोटी कमी आल्यानंतर, मृत्यू झाल्याची नोंद होती. तातडीच्या विभागात दोन दिवस थांबता येत नाही. तिथे ईसीजी, लक्षणं आणि दुसरं मशीन यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

पोटात गर्भ नाही, गाठ नाही, तरी बीटा एचसीजी वाढलेलं

या प्रकाराबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात झालेलं नुकसान भरून येत नाही.

काही माणसांच्या रक्तात प्राण्यांच्या अँटिबॉडींना धरणाऱ्या अँटिबॉडी असतात. त्यांना हेटरोफाइल अँटिबॉडी म्हणतात. कधी प्राण्यांशी निकटचा संबंध, कधी उंदराच्या अँटिबॉडीपासून बनवलेलं एखादं औषध, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. माणसाला त्याचा काही त्रास नसतो. पण तपासणीतल्या अँटिबॉडी बहुतेक उंदरापासूनच बनवलेल्या असतात. सँडविचमध्ये मधला पदार्थ नसतानाही ही हेटरोफाइल अँटिबॉडी खालच्या आणि वरच्या अँटिबॉडीला एकत्र धरते, मध्ये पूल बांधते. मशीनला प्रकाश दिसतो, आणि मधला पदार्थ भरपूर आहे असं ते सांगतं. संधिवाताच्या रुग्णांमधला रुमॅटॉइड फॅक्टरही हेच करू शकतो.

ट्रोपोनिन, टीएसएच, कॅन्सरचे मार्कर, काहीही यातून खोटं वाढू शकतं. सर्वांत दुःखद इतिहास बीटा एचसीजीचा आहे. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये १२ स्त्रियांची माहिती छापली गेली. त्यांच्या रक्तात एचसीजी सतत सापडत होतं, म्हणून त्यांना कोरिओकार्सिनोमा, म्हणजे गर्भाच्या वारेशी संबंधित कॅन्सर, आहे असं ठरवलं गेलं होतं. त्यांतल्या बहुतेकींना केमोथेरपी दिली गेली किंवा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. कॅन्सर नव्हताच. रक्तातल्या अँटिबॉडीने तपासणीला फसवलं होतं.

हे ओळखायला महागडी यंत्रं लागत नाहीत. लघवी तपासा. एचसीजी मूत्रपिंडातून गाळून लघवीत येतं. अँटिबॉडीचा रेणू फार मोठा, तो येत नाही. रक्तात एचसीजी शेकड्यांत आणि लघवीत शून्य, असं असेल तर रक्ताच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. रक्तातला आकडा फार कमी, वीस-तीसच्या आसपास असेल तर लघवीची साधी पट्टी तो पकडेलच असं नाही, तेव्हा हा निकष तिथे लावू नका. दुसरी खूण म्हणजे चाल. सुरुवातीच्या निरोगी गर्भारपणात एचसीजी दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतं, गर्भपातानंतर उतरतं. खोटा आकडा आठवड्यांमागून आठवडे एकाच पातळीवर रेंगाळतो, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी.

पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये मात्र थोडं एचसीजी खरंच असू शकतं. ते मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि लघवीतही सापडतं. तो आकडा खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ चुकतो. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका.

लॅबच्या बाजूने आम्ही काय करतो? नमुना पातळ करून पाहतो. आकडा ४०० असेल तर दुप्पट पातळ केल्यावर २००, चौपट केल्यावर १०० यायला हवा. खोट्या आकड्याची ही शिस्त बऱ्याचदा मोडते: ४००, मग ९०, मग शून्याजवळ. पण शिस्त पाळली म्हणून आकडा खरा ठरत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. हेटरोफाइल अँटिबॉडी अडवणाऱ्या खास नळ्या मिळतात, त्यांतून नमुना काढून पुन्हा मोजतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर नमुना पाठवतो.

इथे एक फसगत हमखास होते. रुग्ण "दुसऱ्या लॅबमधून" तपासून आणतो आणि आकडा तोच येतो. चौकशी केल्यावर कळतं की दोन्ही लॅबमध्ये एकाच कंपनीचं एकच मशीन आहे, म्हणजे अँटिबॉडीही त्याच. लॅबची पाटी बदलून उपयोग नाही, पद्धत बदलायला हवी. म्हणून दुसऱ्या लॅबला विचारायचा प्रश्न "तुमच्याकडे ही तपासणी होते का" असा नसून "कुठल्या मशीनवर आणि कुठल्या पद्धतीने होते" असा आहे.

प्रोलॅक्टिन: वाढलेलं, पण निरुपद्रवी, किंवा साधं, पण धोक्याचं

प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनात दूध आणणारं पिट्यूटरीचं संप्रेरक, ८०, पण पाळी नियमित, स्तनातून स्राव नाही. अशा वेळी एमआरआय काढण्याआधी मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासून घ्या. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन अँटिबॉडीला चिकटून मोठा गोळा बनतं. तो गोळा रक्तातून लवकर निघून जात नाही, शरीरावर फारसा परिणाम करत नाही, पण मशीन त्याला मोजतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल घातलं की तो तळाशी बसतो. वरच्या भागात मूळच्या ४० टक्क्यांहून कमी प्रोलॅक्टिन उरलं तर कारण सापडलं. आधीच एमआरआय केला आणि त्यात योगायोगाने पिट्यूटरीत बारीक गाठ दिसली, तर त्या माणसाची वर्षानुवर्षं सुटका नाही. अशा निरुपद्रवी बारीक गाठी साधारण दहातल्या एका माणसात सापडतात, म्हणून मी या क्रमाचा आग्रह धरते.

याच्या अगदी उलटही घडतं. एमआरआयमध्ये चार सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन मात्र किंचितच वाढलेलं. गाठ बनवत असलेलं प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की खालची अँटिबॉडी वेगळे रेणू धरते आणि वरची वेगळे; सँडविच जुळतच नाही. याला हूक इफेक्ट म्हणतात. लॅबला नमुना शंभरपट पातळ करून मोजायला सांगा. गोळ्यांनी आटोक्यात येणारी गाठ केवळ या आकड्यामुळे शस्त्रक्रियेला जाऊ शकते.

नळीतच घडणाऱ्या गोष्टी: प्लेटलेट आणि पोटॅशियम

आतापर्यंतचं सगळं रसायनाचं होतं. रोजच्या कामात यापेक्षा जास्त वेळा फसवते ती नळी.

एका तरुणाच्या प्लेटलेट ३८,००० आल्या. कुठे रक्तस्राव नाही, अंगावर ठिपके नाहीत, ताप नाही. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा तीस-चाळीस हजार. अस्थिमज्जेच्या तपासणीची तारीख ठरली. त्याच्या आईने येऊन विचारलं, "मुलाला काही वाईट तर नाही ना?" तेव्हा मी स्लाइड मागवून पाहिली. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. तिन्ही रिपोर्ट आमच्याच टेबलावरून गेले होते आणि एकदाही कोणी स्लाइड पाहिली नव्हती. त्या कुटुंबाने काढलेल्या त्या दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

सीबीसीसाठीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठीच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. काहींच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन एका गठ्ठ्याला एक मोठी पेशी समजतं, कधी त्याला पांढऱ्या पेशींतही मोजतं. शरीरात सगळं ठीक असतं. हे फक्त नळीत घडतं, आणि नळी जितका वेळ पडून राहील तितकं वाढतं. उपाय म्हणजे सायट्रेटच्या निळ्या नळीत नवा नमुना घ्यायचा, लगेच मोजायचा आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत नऊ भाग रक्तात एक भाग द्रव मिसळतो. त्या तरुणाचा हिशेब २ लाख १० हजारांवर आला. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात. मग रक्त काढताक्षणी मोजणं आणि स्लाइडवरून अंदाज घेणं एवढंच हाती उरतं. रक्तस्रावाची खूण नसताना प्लेटलेट कमी आल्या तर स्लाइड पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पोटॅशियम पेशींच्या आत खच्चून भरलेलं असतं, बाहेर फार थोडं. म्हणून पेशी फुटली की आकडा वर जातो. बारीक सुईतून जोरात ओढलेलं रक्त, हलवून हलवून आणलेली नळी, या सगळ्यांत सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, लालसर दिसतो आणि लॅब तशी नोंद करते. पण काही कारणं सीरमच्या रंगात दिसत नाहीत. दंडाला पट्टा आवळून "मूठ उघडा-मिटा" सांगितलं की स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं. रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत राहतं. थंडीत ठेवलं म्हणजे नमुना जपला गेला, ही समजूत इथे घातक ठरते. प्लेटलेट फार वाढलेल्या असतील तर रक्त गोठताना त्यांच्यातूनही पोटॅशियम सुटतं. तेव्हा रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीतल्या प्लाझ्मात, म्हणजे न गोठलेल्या रक्तातल्या द्रवात, मोजा: सीरममधला आकडा प्लाझ्मापेक्षा ०.४ हून जास्त असेल तर वाढ गोठतानाची आहे. पांढऱ्या पेशी लाखांत गेलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णात मात्र त्या नाजूक पेशी हवेच्या दाबाने नमुने पाठवणाऱ्या नळातच फुटतात. तिथे नमुना हाताने न्यावा आणि ब्लड गॅसच्या मशीनवर लगेच मोजावा.

पोटॅशियम ९ आणि कॅल्शियम ४, असा रिपोर्ट घेऊन माणूस चालत आला असेल तर जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं गेलं आहे. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियम बांधतं. अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या एंझाइमचा आकडाही सोबत कोसळतो. रक्त घेताना नळ्यांचा क्रम ठरलेला असतो, सायट्रेट आधी, मग सीरम, मग हेपॅरिन, मग जांभळी, मग फ्लोराइडची, तो याच कारणासाठी. नळी कमी भरली म्हणून दुसरीतून भर घालू नका. रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागली तरी चालेल.

बाकीचे, थोडक्यात

सोडियम १२२, रुग्ण हसतोय-बोलतोय, ट्रायग्लिसराइड हजारांत: सीरममध्ये पाण्याची जागा चरबीने घेतली आहे. नमुना पातळ करून मोजणारी मशीन इथे फसतात. ब्लड गॅसचं मशीन पातळ न करता मोजतं, तिथे सोडियम बरोबर येईल. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींतली हिमोग्लोबिनची दाटी, ३७ च्या वर आणि लाल पेशींची संख्या हिमोग्लोबिनशी न जुळणारी असेल तर कोल्ड अ‍ॅग्लुटिनिनचा, म्हणजे थंडीत लाल पेशी चिकटवणाऱ्या अँटिबॉडीचा, विचार करा. नमुना ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवा. रक्तात चरबी जास्त असली तरी एमसीएचसी असाच वर जातो.

एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, आणि घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे जुळत नसतील तर लाल पेशींचं आयुष्य बघा. त्या साधारण १२० दिवस जगतात या गृहीतावर ती तपासणी उभी आहे. पेशी लवकर मरत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकडा फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो फसवा वाढतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक प्रकारांत पद्धतीनुसार काहीही होऊ शकतं. साध्या नळीत तासन्‌तास पडलेल्या रक्तातली साखर पेशी खातात, ताशी साधारण ५ ते ७ टक्के. तेव्हा अचानक आलेली कमी साखर आधी नळीतली समजा.

मूत्रपिंडांचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनची याफे पद्धत १८८६ सालची आहे आणि अजून वापरात आहे. किटोन तिला फसवतात. डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेहात किटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा, क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर एंझाइमच्या पद्धतीने ताडून घ्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बऱ्याच तपासण्यांत खोटं वाढतं, कारण दोन्ही रेणू सारखे दिसतात.

लॅबशी बोलताना

"तुमचा रिपोर्ट चुकला" असं म्हटलं की आमच्याकडे कंट्रोलचे तक्ते उघडले जातात, ते बरोबर निघतात आणि संभाषण संपतं. त्याऐवजी रुग्णाबद्दल सांगा: लक्षणं काय, औषधं आणि गोळ्या कोणत्या, आधीचे आकडे काय होते. मग विचारा: पद्धत कोणती, तिला कशाकशाचा अडथळा होतो, नमुना पातळ करून बघाल का, दुसऱ्या पद्धतीवर पाठवाल का. विनंतीच्या कागदावर "क्लिनिकल चित्राशी विसंगत, इंटरफेरन्सची शंका" एवढं लिहिलं तरी आमचं काम बदलतं. रोज शेकडो नळ्यांतून ही एक वेगळी काढायला आम्हाला तेवढीच खूण लागते.

रुग्णांनीही संकोच करू नये. "मला यातलं काहीच होत नाहीये" हे वाक्य डॉक्टरांसमोर दोनदा म्हणायला हरकत नाही. त्या वाक्याला डॉक्टरांनाही लॅबच्या आकड्याइतकंच महत्त्व द्यावं लागतं.

सापडलेलं कारण लिहून ठेवा

बायोटिन बंद केलं की सुटलं. हेटरोफाइल अँटिबॉडी, मॅक्रोप्रोलॅक्टिन, ईडीटीएमुळे चिकटणाऱ्या प्लेटलेट या गोष्टी मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. डॉक्टर बदलतात, लॅब बदलते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्या तरुणाचं तसंच झालं. दोन वर्षांनी हाताचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं, प्लेटलेट ४१,०००. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया थांबवली आणि प्लेटलेट चढवायची तयारी सुरू झाली. आईने जुना कागद शोधून फोन केला, म्हणून थांबलं. तेव्हापासून असं प्रत्येक निदान मी रिपोर्टच्या तळाशी न लिहिता स्वतंत्र कागदावर, सही-शिक्क्यासह देते, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावायला सांगते. त्याच्या कागदावर एवढंच आहे: "या व्यक्तीच्या प्लेटलेट ईडीटीएच्या नळीत एकमेकींना चिकटतात. मोजणी सायट्रेटच्या नळीत, रक्त घेतल्यावर लगेच करावी आणि स्लाइड पाहावी. जांभळ्या नळीतल्या कमी आकड्यावरून प्लेटलेट चढवू नयेत."